जुन्या हार्ड डिस्कची प्रकृती

बहुतेक मध्यमवर्गीय घरांत एखादा दहा-बारा वर्षांचा संगणक किंवा लॅपटॉप असतो. रोजची कामे मोबाइलवर होऊ लागल्यापासून त्याच्याकडे कोणी फारसे बघत नाही. पण मुलांच्या बारशाचे फोटो, आजोबांच्या पंचाहत्तरीचे चित्रीकरण, सोसायटीचे जुने हिशेब, घराच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती हे सगळे त्याच्याच पोटात असते आणि बरेचदा त्याची दुसरी प्रत कुठेही नसते. मग एक दिवस तो सुरू व्हायला दहा मिनिटे लावतो. ठरावीक फोटो उघडायला गेले की गोठतो. फाइल दुसरीकडे न्यायला घेतली की ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा अगम्य संदेश येतो. दुकानात नेल्यावर उत्तर मिळते, ‘डिस्कला बॅड सेक्टर आलेत. फॉरमॅट मारून देतो.’

या उत्तरातले पहिले वाक्य म्हणजे निदान आणि दुसरे म्हणजे उपचार. निदान बहुधा बरोबर असते. उपचार ऐकून मात्र कोणताही डॉक्टर दचकेल, कारण त्यात तक्रार थांबते, पण जे वाचवायचे होते तेच पुसले जाते.

आरोग्याच्या सदरात हार्ड डिस्क कशाला, असे कोणी विचारेल. एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाच्या ईसीजीत बदल दिसला, तर तो आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे जुना ईसीजी समोर असेल तर चटकन ठरते. नसेल तर रुग्णाला दाखल करून पुन्हा तपासण्या कराव्या लागतात. ‘फाइल घरच्या कॉम्प्युटरमध्ये होती, तो बिघडला’ हे उत्तर आता बाह्यरुग्ण विभागात नेहमी ऐकू येते. दुसरे कारण असे, की बिघडत चाललेल्या डिस्कबाबत जो विचार करावा लागतो, तो आजारी माणसाबाबत करायच्या विचारासारखाच आहे. आधी काय वाचवायचे, कोणत्या तपासणीवर किती विश्वास ठेवायचा, कधी हात लावायचा नाही, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

डिस्कची शरीररचना

हार्ड डिस्कच्या डबीत धातूच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. घरगुती डिस्कमध्ये ही तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. मोठ्या डिस्कच्या कडेचा वेग त्यामुळे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. या फिरत्या पृष्ठभागावर वाचणारे-लिहिणारे टोक, म्हणजे हेड, हवेच्या पातळ उशीवर तरंगत असते. नव्या डिस्कमध्ये हे अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. आपली तांबडी रक्तपेशी साधारण ७,००० नॅनोमीटर रुंद असते. म्हणजे या फटीत रक्तपेशी आडवी-उभी कशीही मावणार नाही. धुळीचा कण तर डोंगरच. डबी बंद का असते आणि चालू लॅपटॉप आपटणे एवढे वाईट का, हे यावरून समजेल.

तबकडीवर गोलाकार वाटा असतात आणि प्रत्येक वाटेचे छोटे तुकडे केलेले असतात. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट माहिती मावते. २०११ च्या सुमारास कंपन्या ४,०९६ बाइटच्या सेक्टरकडे वळल्या. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कवर ५१२ बाइटचे सुमारे ९८ कोटी सेक्टर होतात. एवढ्यांत काही खराब निघणार, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक असते. कारखान्यातून निघालेली कोरी डिस्कही निर्दोष नसते. तिच्यातल्या जन्मजात दोषांची यादी तिथेच तयार होते आणि त्या जागा कधीच वापरल्या जात नाहीत.

चुका सुधारण्याची सोयही जन्मापासून असते. प्रत्येक सेक्टरमध्ये माहितीबरोबर काही जास्तीचे आकडे लिहिलेले असतात. वाचताना थोडे आकडे पुसट आले, तर उरलेल्यांवरून गणिताने मूळ माहिती काढता येते. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये अशा संकेतांची मांडणी प्रसिद्ध केली. १९६० मध्ये अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी त्याचा अधिक समर्थ प्रकार शोधला आणि तो पुढे बरीच वर्षे हार्ड डिस्कमध्ये वापरला गेला. हेच गणित क्यूआर कोडमध्ये आहे. भाजीच्या गाडीवरचा मळलेला, कोपरा फाटलेला क्यूआर कोड मोबाइलला वाचता येतो तो याच कारणाने. मात्र फाटण्याला मर्यादा असते. ती ओलांडली की कोड वाचला जात नाही. सेक्टरचेही तसेच. सुधारणेच्या पलीकडे गेलेला सेक्टर म्हणजे बॅड सेक्टर.

दुखणे दोन प्रकारचे

बॅड सेक्टर या एका नावाखाली दोन वेगळे आजार येतात. त्यांतला फरक कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही.

पहिल्या प्रकारात तबकडीला काही झालेले नसते. लिहिणे चालू असतानाच वीज गेली, तर सेक्टर अर्धवट लिहिला जातो. माहिती आणि तपासणीचे आकडे जुळत नाहीत, म्हणून डिस्क तो वाचायला नकार देते. पावसाळ्यात रोज दिवे जाणाऱ्या गावांत, यूपीएसशिवाय चालणाऱ्या संगणकांत हे घडू शकते. तिथली माहिती गेली, पण जागा शाबूत आहे. त्यावर नव्याने लिहिले की सेक्टर पुन्हा नीट वाचला जातो.

दुसऱ्या प्रकारात पृष्ठभागालाच इजा झालेली असते. हेड घासले, एखादा कण चिरडला गेला किंवा चुंबकीय थर झिजला, की त्या जागी काही टिकत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी जसा व्रण उरतो, तशी ही जागा कायमची निकामी होते. घासताना निघालेले कण आत फिरत राहिले तर नव्या जखमा करतात. दुसरा प्रकार वाढत जाण्याची भीती असते ती यामुळे.

संगणक गोठतो त्याचे कारणही इथेच आहे. सेक्टर वाचता आला नाही तर डिस्क लगेच हार मानत नाही. तबकडी पुन्हा फिरून येते, हेड किंचित सरकवून परत प्रयत्न होतो. असे अनेक प्रयत्न चालतात आणि तोवर सगळा संगणक तिची वाट पाहत थांबतो.

राखीव साठा आणि क्रिएटिनिन

प्रत्येक डिस्कवर काही राखीव सेक्टर असतात. एखादी जागा कायमची खराब आहे असे लक्षात आले, की डिस्क तिच्याऐवजी राखीव जागा वापरू लागते. नोंदवहीत पत्ता बदलला जातो आणि विंडोजला त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र ही अदलाबदल साधारणपणे त्या जागी नवीन काही लिहायची वेळ आल्यावरच होते. वाचता न आलेला सेक्टर तोवर ‘प्रलंबित’ म्हणून नोंदलेला राहतो, कारण जुनी माहिती कधीतरी वाचता येईल, अशी आशा डिस्कने सोडलेली नसते.

मूत्रपिंडाचे असेच आहे. निसर्गाने भरपूर राखीव क्षमता दिली आहे, म्हणून एक मूत्रपिंड दान करूनही माणूस नीट जगतो. पण त्याच राखीव क्षमतेमुळे आजार झाकला जातो. जवळपास निम्मे काम बंद पडेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन सामान्य मर्यादेत राहू शकते. डिस्कबाबतही ‘चालतेय की अजून’ हे तब्येत उत्तम असल्याचे प्रमाणपत्र नव्हे.

ही झाकलेली स्थिती पाहण्यासाठी डिस्कमध्येच ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही असते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम विंडोजवर ती उघडून दाखवतो. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स हा संच आहे. त्यातल्या लांबलचक यादीतल्या मोजक्या ओळी पाहिल्या तरी पुरे. क्रमांक ५ म्हणजे बदललेल्या सेक्टरांची संख्या, १९७ म्हणजे प्रलंबित सेक्टर आणि १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले सेक्टर. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हे क्रमांक सोळा अंकी पद्धतीत दिसतात, म्हणून १९७ ऐवजी सी५ आणि १९८ ऐवजी सी६ शोधावे. या तिन्ही ठिकाणी शून्य असणे चांगले. क्रमांक १९९, म्हणजे तिथला सी७, वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या केबलचा असतो. स्वस्तातली केबल बदलून पाहण्याआधी डिस्क मोडीत काढू नये. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये पहिल्याच ओळीत प्रचंड मोठा आकडा दिसतो. तो त्यांच्या नोंदण्याच्या पद्धतीमुळे असतो, त्याला घाबरू नये.

एकदाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. बदललेले सेक्टर ८ आहेत आणि सहा महिने ८ च राहिले, तर जुना व्रण आहे असे समजता येते. मागच्या आठवड्यात ८ आणि आज ६० असतील, तर आजार पसरतो आहे.

तपासणीवर विश्वास किती?

या विषयावरचा एक मोठा अभ्यास गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांच्या केंद्रांतील एक लाखाहून अधिक डिस्कचा मागोवा घेतला होता. डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासत असताना पहिला दोष सापडला, की पुढच्या ६० दिवसांत ती निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे दिसले. हा आकडा घाबरवणारा आहे, पण तो तुलनेचा आहे. निर्दोष डिस्क ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता मुळात थोडी असते. दोष सापडलेल्या अनेक डिस्क पुढेही कित्येक महिने चालल्या. ‘धोका इतक्या पट’ अशी आरोग्याची बातमी वाचतानाही आपण मूळ धोका किती, हे विचारायला हवे.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार ठळक निर्देशकांपैकी एकातही आधी नोंद झालेली नव्हती. म्हणजे निम्म्याहून अधिक डिस्कनी या ठळक लक्षणांची सूचना न देताच मान टाकली. वैद्यकाच्या भाषेत ही चाचणी पुरेशी संवेदनशील नाही. ती बिघडली तर काळजी घ्यावी, पण ती चांगली आली म्हणून निश्चिंत होऊ नये. छातीत दुखत नसताना काढलेला ईसीजी सरळ आला म्हणून हृदयविकार नाही, असे आम्ही म्हणत नाही, तसेच हे.

उपचारांचा क्रम

डिस्कमध्ये बॅड सेक्टर असल्याचे कळल्यावर पहिले काम म्हणजे नवीन काही लिहिणे थांबवणे. नवे प्रोग्राम टाकायचे नाहीत, अपडेट करायचे नाहीत, डीफ्रॅगमेंट तर नाहीच. आतून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर संगणक लगेच बंद करायचा आणि पुन्हा सुरू करून पाहायचे नाही. तो आवाज बहुधा हेडच्या बिघाडाचा असतो आणि प्रत्येक फेरीला तबकडी ओरबाडली जाण्याची भीती असते.

आवाज नसेल आणि डिस्क उघडत असेल, तर दुसरे काम म्हणजे माहिती बाहेर काढणे. ती दुसऱ्याच डिस्कवर काढायची. सगळे एकदम निवडून कॉपी करायला घेऊ नका, कारण एका खराब फाइलपाशी सगळी प्रक्रिया अडकून बसते. ज्यांना पर्याय नाही त्या वस्तू आधी घ्याव्यात: घरचे फोटो, कागदपत्रे, वैद्यकीय अहवाल. गाणी, सिनेमे आणि प्रोग्राम पुन्हा मिळतात, ते शेवटी. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जायचे.

दोष जास्त असतील तर जाणकारांकडून जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम वापरून घ्यावा. तो लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालवता येतो. त्याची पद्धत साधी आहे. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येते ते सगळे उचलायचे आणि अडलेले भाग सोडून पुढे जायचे. नंतरच्या फेऱ्यांत त्या भागांच्या कडा कुरतडत आत शिरायचे आणि शेवटी उरलेल्या सेक्टरांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे. कुठवर आलो याची तो नोंद ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पुढे चालू करता येते. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यविशारद दोमिनिक लारे यांनी जखमींना हुद्द्यानुसार न पाहता जखमेच्या गंभीरतेनुसार पाहायची पद्धत घालून दिली. इथे क्रम उलटा आहे. धडधाकट भाग आधी आणि गंभीर भाग नंतर, कारण गंभीर भागाशी झटताना डिस्कच दगावली तर धडधाकट भागही जातो. हा प्रोग्राम वापरताना मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती हे दोनदा तपासावे. उलटापालट झाली तर कोरी डिस्क मूळ डिस्कवर लिहिली जाईल.

प्रत हातात आल्यानंतरच तिसरे काम, म्हणजे दुरुस्ती. विंडोजमधली ‘चेकडिस्क’ ही आज्ञा दोन प्रकारे चालते. ‘एफ’ जोडले तर ती फाइलींच्या नोंदवहीतल्या चुका नीट करते. ‘आर’ जोडले तर त्याशिवाय सगळा पृष्ठभाग वाचून खराब जागा शोधते आणि त्या पुन्हा वापरल्या जाणार नाहीत, अशी खूण करते. मरणासन्न डिस्कवर ‘आर’चा प्रकार तासन्‌तास चालतो आणि तिला थकवतो. शिवाय नोंदवही दुरुस्त करताना अर्धवट फाइलींचे तुकडे होऊ शकतात. म्हणून प्रत काढण्याआधी तो चालवू नये.

संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिणे हा पुढचा उपाय. बाजारात याला अजूनही ‘लो लेव्हल फॉरमॅट’ म्हणतात, पण खरे तसे फॉरमॅट आजच्या डिस्कमध्ये घरी करताच येत नाही. शून्ये लिहिल्याने माहिती पूर्ण जाते, पण प्रत्येक प्रलंबित सेक्टरचा निकाल लागतो. प्रलंबित आकडा शून्यावर आला आणि बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढला नाही, तर आजार पहिल्या प्रकारचा होता. अशी डिस्क नजरेखाली ठेवून किरकोळ कामाला वापरता येईल. बदललेल्यांचा आकडा वाढला, तर दुखणे तबकडीचे आहे. प्रलंबित आकडा शून्य झाला म्हणून खूश होणे म्हणजे पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणून न्यूमोनिया बरा झाला असे समजणे. अशा डिस्कला निवृत्त करावे.

खराब भाग वगळून उरलेल्याचे वेगळे पार्टिशन करून देणारे कारागीर असतात. ती मोडक्या हाताला बांधलेली फळी आहे. तात्पुरत्या कामाला ठीक, पण घरचा एकुलता ठेवा तिच्या भरवशावर ठेवू नये.

घरगुती उपाय नकोत

डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की चालते, असा एक उपाय अनेक वर्षे फिरतो आहे. आपल्या दमट हवेत थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरते. ओली तबकडी आणि काही नॅनोमीटरवरचे हेड यांची गाठ पडली तर उरलेसुरलेही जाते. डबीचे स्क्रू काढून आत फुंकर मारणे म्हणजे रस्त्यावर पोट उघडून शस्त्रक्रिया करणे. डिस्क उघडायची तर शस्त्रक्रियागृहाहूनही निर्मळ हवेची खोली लागते. माहिती अमूल्य असेल तर अशी सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे जावे. खर्च बराच येतो, म्हणून आधी अंदाज लेखी घ्यावा आणि माहिती मिळाली नाही तर किती पैसे द्यायचे हे विचारून घ्यावे. तिथे पोहोचण्याआधी जितके कमी प्रयोग झालेले असतील, तितकी आशा जास्त.

प्रतिबंध आणि निरोप

या आजारावर खात्रीचा इलाज एकच, तो म्हणजे दुसरी प्रत. जाणकार ‘३-२-१’ हा नियम सांगतात: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. घरच्या संगणकावर एक, बाहेरच्या डिस्कवर दुसरी आणि क्लाउडवर किंवा गावच्या भावाकडे तिसरी, एवढे केले तरी पुरते. प्रत घेतली की तिच्यातल्या चार फाइली उघडून पाहाव्यात. कधीच न उघडलेली प्रत ही मुदत न पाहिलेल्या औषधासारखी असते. ३१ मार्च हा जगभर ‘बॅकअप डे’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपते, हिशेब आवरले जातात. त्याच यादीत हेही काम घालावे. घरातल्या प्रत्येकाचे जुने ईसीजी, सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या ॲलर्जीची नोंद यांचा एक फोल्डर करून तो मोबाइलवरही ठेवावा.

डेस्कटॉपला यूपीएस जोडावा. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली तर मशीन वेगवान होते आणि आपटण्याची भीती कमी होते. पण एसएसडीही झिजते आणि कधीकधी काहीच न सांगता बंद पडते, म्हणून प्रतीचा नियम तिलाही लागू.

शेवटी निवृत्त डिस्कचे काय? ती तशीच भंगारात देऊ नये. शून्ये लिहिली तरी, बदली होऊन बाजूला पडलेल्या सेक्टरांत जुन्या माहितीचे तुकडे राहू शकतात, कारण साधा प्रोग्राम तिथे पोहोचत नाही. बँकेची कागदपत्रे किंवा रुग्णांच्या नोंदी असलेली डिस्क असेल, तर ड्रिलने तबकड्यांना आरपार भोके पाडून घ्यावीत. आतली तबकडी काचेची असू शकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. मग ती ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.

तूर्त एक काम करावे. घरातल्या जुन्या संगणकातले कोणते फोटो आणि कोणते अहवाल दुसरीकडे कुठेच नाहीत, याची यादी या रविवारी काढावी आणि त्यांची प्रत त्याच दिवशी घ्यावी. स्मार्टचे आकडे त्यानंतर पाहिले तरी चालतील.